वेस्ट थंब : तळ्याकाठच्या वाफेत चार दिवस

"तिथे एवढं काय आहे?" आईने राजापूरहून फोनवर विचारलं होतं.

"गरम पाण्याचे झरे आहेत, आई. हजारो."

"झरा तर आपल्या उन्हाळ्यालाही आहे गो बाय."

खरंच आहे. राजापूरजवळच्या उन्हाळे गावात गरम पाण्याची धार वाहते. लहानपणी थंडीच्या दिवसांत आई आम्हाला तिथे न्यायची. आमचे केस धुऊन व्हायचे, आजीचे गुडघे शेकून व्हायचे, मग सगळ्याजणी उन्हात बसून केस वाळवायच्या. गरम पाणी म्हणजे अंगावर घ्यायचं, डोक्यावरून घ्यायचं, देवीला हात जोडायचे आणि घरी यायचं. आईचं गरम पाण्याशी असलेलं नातं हे असं. तिला मी अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नेणार होते, जिथे पाण्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. निघेपर्यंत हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही.

दिवस पहिला : सॉल्ट लेक सिटी ते वेस्ट यलोस्टोन

ऑगस्टचा पहिला आठवडा. सकाळी सातला सॉल्ट लेक सिटीतल्या घरून निघालो. गाडीत सहा जण: आई, बाबा, आम्ही दोघं, तेरा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा धाकटा. बाबा अर्थातच पुढच्या सीटवर. बाबांनी एसटीच्या स्टिअरिंगवर बत्तीस वर्षं काढली आहेत. आंबा घाट आणि अणुस्कुरा घाट त्यांच्या हाताखालून किती वेळा गेला असेल याची मोजदाद नाही. नातवाला त्यांनी इथे आल्या आल्या धडा दिला होता: एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. त्यामुळे मागून सीटच्या पाठीवर दोनदा टकटक झाल्याशिवाय चारही दिवस आमची गाडी हलली नाही.

पाचशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, पण सरळ आणि सोपा. युटा संपून आयडाहो लागलं की दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं सुरू होतात, आणि त्यांवरून फिरणारे पाण्याचे लांबच लांब फवारे. बाबांना डोंगरांपेक्षा या शेतांचंच अप्रूप जास्त. दुपारी आयडाहो फॉल्सच्या पुढे एका झाडाखाली दशम्या, लसणाची चटणी आणि दही खाल्लं. ॲश्टनच्या आसपास उजव्या हाताला टिटॉनची टोकदार शिखरं दिसायला लागली. संध्याकाळी वेस्ट यलोस्टोन या मोंटानातल्या छोट्या गावात मुक्काम केला.

मोटेलच्या जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या चढून बाबांना दम लागला. हे गाव दोन हजार मीटर उंचीवर आहे. आयुष्यभर समुद्रसपाटीला राहिलेल्या माणसाला ती उंची जाणवणारच. भरपूर पाणी प्यायला दिलं, हलकं जेवण दिलं आणि आठ वाजता झोपवलं. सकाळी ताजेतवाने. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी पहिली संध्याकाळ अशी रिकामीच ठेवावी, त्यात काही कोंबू नये.

दिवस दुसरा : फायरहोलच्या काठाने तळ्यापर्यंत

सकाळी साडेसहाला पश्चिम दरवाजातून आत शिरलो. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या सहीने हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. पसारा जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचा. त्यात दहा हजारांहून जास्त गरम झरे, कुंडं, चिखलाचे खळगे आणि फवारे. तिकडे उसळणाऱ्या फवाऱ्याला गायझर म्हणतात. मूळ शब्द आइसलँडमधल्या गेसिर नावाच्या एका फवाऱ्याचा, आणि आपल्या न्हाणीघरातल्या गीझरचं नावही तिथूनच आलेलं. लेकीने हे सांगितल्यावर आईला एकदम सगळं घरचं वाटायला लागलं.

मॅडिसनच्या तिठ्यावरून उजवीकडे वळलं की फायरहोल नदी सोबतीला येते. थंड सकाळी नदीकाठाने जागोजागी वाफेचे खांब उभे असतात. सूर्य वर येईपर्यंत ग्रँड प्रिझमॅटिक कुंडावर इतकी वाफ होती की पाणी दिसेचना. दहाच्या सुमारास ती विरळ झाली आणि मग रंग दिसले: मधोमध गडद निळा, भोवती हिरवट, मग पिवळा, नारिंगी, आणि कडेला विटकरी. शंभर मीटरच्या आसपास रुंदीचं ते कुंड आहे. मधलं पाणी फार गरम, तिथे रंगीत काही टिकत नाही, म्हणून शुद्ध निळं. कडेकडेने पाणी निवत जातं तसतसे वेगवेगळ्या तापमानाला जगणारे सूक्ष्मजीव आपापली जागा धरतात. प्रत्येक रंगाचं आपलं तापमान ठरलेलं.

इथे थांबून नवऱ्याने बाबांना एक गोष्ट सांगितली. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना इथल्याच लोअर गायझर बेसिनमधल्या गरम पाण्यात एक जिवाणू मिळाला. त्याचं नाव थर्मस ॲक्वाटिकस. त्याच्यातलं एक एन्झाइम उकळीच्या जवळ जाणाऱ्या उष्णतेतही मोडत नाही. पुढे पीसीआर तपासणी जगभर सोपी झाली ती या एन्झाइममुळे. कोरोनाच्या दिवसांत बाबांच्या नाकात काडी घालून नमुना घेतला होता आणि आम्ही इथे सातासमुद्रापार रात्रभर त्या रिपोर्टची वाट पाहत जागलो होतो. बाबा कठड्यापाशी उभे राहून बराच वेळ त्या नारिंगी पट्ट्याकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. मग त्यांनी टोपी काढली, आणि वाऱ्याने गार लागल्यावर परत घातली.

ओल्ड फेथफुलबद्दल मी जास्त लिहीत नाही. साधारण दीड तासाने उसळणारा तो फवारा सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हीही अर्धवर्तुळात मांडलेल्या बाकांवर शेकडो लोकांबरोबर बसलो, फवारा उडाला, टाळ्या पडल्या. सुंदरच आहे. पण गर्दीतून निघताना आई म्हणाली, "देवळात जत्रेच्या दिवशी देव दिसतो, तसं झालं." म्हणजे दर्शन झालं, भेट राहिली.

भेट झाली ती पुढे.

ओल्ड फेथफुलवरून तळ्याकडे जाणारा २७ किलोमीटरचा रस्ता क्रेग पास या खिंडीतून जातो. उंची अडीच हजार मीटर. अगदी माथ्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळ्या कमळांनी भरलेलं एक छोटंसं तळं आहे, इसा लेक. त्याचं पाणी दोन महासागरांकडे जातं. बाबांना हे समजायला नकाशा लागला नाही. "अणुस्कुऱ्याच्या माथ्यावर तसंच की. अलीकडे पडलेला पाऊस अर्जुनेतून आपल्याकडे येतो, पलीकडचा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातो." पण इसा लेकची गंमत आणखी पुढची आहे. त्याच्या पूर्वेकडच्या टोकाचं पाणी वळसे घेत पश्चिमेच्या प्रशांत महासागराला मिळतं, आणि पश्चिमेकडच्या टोकाचं फायरहोल, मॅडिसन, मिसुरी असं करत मेक्सिकोच्या आखाताला. बाबांनी हाताने हवेत दोन्ही वाटा काढून पाहिल्या आणि प्रसन्न हसले. उतारावर मात्र ते जावयाकडे बारीक लक्ष ठेवून होते. "गिअरवर उतरवा. ब्रेक राखून ठेवा." जावयाने मुकाट्याने गिअर बदलला.

आणि मग झाडी संपली आणि समोर पाणी आलं. आई सीटवर पुढे सरकली. "हा समुद्र?"

यलोस्टोन लेक. ३४० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटर उंचीवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सातशे मीटर वर हे पाणी भरून राहिलेलं आहे. त्याच्या पश्चिमेला आत घुसलेला जो गोल भाग आहे तो वेस्ट थंब, पश्चिमेचा अंगठा. १८७० मध्ये वॉशबर्न यांच्याबरोबर आलेल्या शोधपथकाला या तळ्याचा आकार पंजासारखा वाटला, त्यावरून हे नाव पडलं. नकाशात पंजा शोधायला धाकट्याला बराच वेळ लागला, पण अंगठा त्याला लगेच सापडला.

संध्याकाळी सहाला वेस्ट थंबच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर पोचलो. पूर्ण फेरी एक किलोमीटरची, सोबतीला कठडे, चढ-उतार बेताचा. वारा चांगलाच सुटला होता. वाटेच्या तोंडाशीच पाटी होती: फळ्यांवरून खाली उतरू नये, पाण्याला हात लावू नये. आता सांगणं भाग होतं. मी आईला समजावलं की इथलं कवच कुठे कुठे अगदी पातळ असतं, वरून जमीन वाटते आणि खाली उकळतं पाणी असतं.

"म्हणजे नुसतं बघायचं?"

"नुसतं बघायचं."

ती गप्प झाली. तिचा हिरमोड झाल्याचं मला दिसत होतं.

दहाएक मिनिटांत ब्लॅक पूलजवळ धाकट्याची टोपी वाऱ्याने उडाली आणि फळ्यांपासून जेमतेम दोन पावलांवर, पांढऱ्या कवचावर जाऊन पडली. पोरगं वाकलंच होतं. बाबांनी त्याच्या जाकिटाची कॉलर मागून अशी धरली की त्याचे पाय क्षणभर अधांतरी झाले. बत्तीस वर्षांत अचानक आडव्या आलेल्या गुरांसाठी आणि पोरांसाठी जो हात तयार झाला होता, तो हात होता तो. पोराला रडू फुटलं. टोपी तिथे, हाताच्या अंतरावर, आणि घेता येत नाही. आई त्याच्याजवळ खाली बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मलाही हात लावायचाय रे. पण नाही लावायचा म्हणतात ना."

रात्री तीन किलोमीटरवरच्या ग्रँट व्हिलेजमध्ये मुक्काम.

दिवस तिसरा : सकाळची वाफ, दुपारची डाळ

पहाटे साडेपाचला आईनेच मला उठवलं. "पुन्हा जाऊया तिथे. आता वारा नसेल."

बाहेर तीन अंश. बाबांची माकडटोपी, आईचा स्वेटर आणि वर शाल, थर्मासमध्ये आल्याचा चहा. वेस्ट थंबच्या वाहनतळावर आमची धरून तीन गाड्या. ही वेळ मी सगळ्यांना सांगेन. दुपारी इथे येणारे लोक अर्ध्या तासात फेरी उरकून निघून जातात, त्यांना ही जागा भेटतच नाही. तळं पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यातून वर येतो, आणि वाफ त्याच्या आणि आपल्या मध्ये असते. वाफेचा आधी राखाडी, मग केशरी, मग सोनेरी पडदा होतो, आणि त्यातून मधूनच एखादं निळं कुंड उघडं पडतं आणि झाकलं जातं. आवाज फक्त बुडबुड्यांचा. जरासा गंधकाचा वास. आईला तो वास दिवाळीच्या पहाटेसारखा वाटला, फटाके उडून गेल्यानंतरचा.

वाटेच्या सुरुवातीला थंब पेंट पॉट्स आहेत, फिकट गुलाबी चिखलाचे खळगे. खालून येणाऱ्या वायूंच्या आम्लामुळे खडक विरघळून त्याचा हा बारीक चिखल होतो. आम्ही एका खळग्याशी थांबलो. चिखलाचा गोळा हळूहळू फुगतो, वरची साय ताणली जाते, फट्‌ करून फुटतो आणि चार थेंब बाजूला उडतात. मग त्याच जागी एकात एक वर्तुळं राहतात, आणि ती बुजायच्या आत पुढचा फुगा. "पिठलं रटरटतंय," आई म्हणाली, आणि ते इतकं तंतोतंत होतं की मला दुसरा शब्द आठवेना.

तिथून पुढे अ‍ॅबिस पूल. सोळा मीटर खोल. वरून वाकून पाहिलं की कडेचे पांढरे खडक एकाखाली एक पायऱ्यांसारखे उतरत जातात, पाणी आधी हिरवट, मग मोरपंखी, मग इतकं गडद की तळ नाहीच. पाणी इतकं स्वच्छ आहे की हात घालावासा वाटतो, आणि भीतीही त्याचीच आहे. २०२२ च्या जुलैअखेर याच कुंडात एका माणसाचा अंत झाला. मी हे मुलांपासून लपवलं नाही. धाकट्याने आजोबांचं बोट धरलं ते पूर्ण फेरीभर सोडलं नाही.

ब्लॅक पूल नावाप्रमाणे काळं नाही, स्वच्छ निळं आहे. पूर्वी त्यातलं पाणी थोडं निवलेलं असायचं, आत गडद तपकिरी सूक्ष्मजीवांचे थर होते, आणि निळ्या पाण्यातून ते काळपट दिसत. १९९१ मध्ये पाण्याचं तापमान वाढलं, ते सगळे जीव मेले, आणि कुंड निळं झालं. नाव मात्र राहिलं. टोपीही तिथेच होती. तिच्यावर दव पडून ती ओली झाली होती, आणि तिच्या पलीकडे कवचावर खुरांचे ठसे होते. रात्री एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, तिथून चालत गेलं होतं. "त्याला पाटी वाचता येत नाही," धाकटा काळजीने म्हणाला.

मग वाट अगदी तळ्याच्या पाण्यावर येते. माझ्यासाठी सगळ्या यलोस्टोनमधली ही जागा पहिली. बाजूला तळ्याचं बर्फासारखं पाणी, जे डिसेंबरात गोठतं आणि मे संपता संपता किंवा जूनमध्ये मोकळं होतं. आणि त्याच पाण्यात, काठापासून काही हातांवर, दगडी सुळक्यासारखा एक उंचवटा, ज्याच्या तोंडात पाणी उकळतं आहे. त्याचं नाव फिशिंग कोन. वॉशबर्नच्या पथकाने इथलीच गोष्ट लिहून ठेवली: तळ्यातला मासा गळाला लागला की तो गळावरून न काढता तसाच मागे वळवायचा आणि या उकळत्या तोंडात सोडून शिजवायचा. पुढे प्रवासी डोक्यावर आचाऱ्याची टोपी घालून इथे फोटो काढून घेत. काही जण भाजलेही. आता तिथे मासेमारीला बंदी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळून तळं चढतं तेव्हा हा कोन पाण्याखाली जातो. ऑगस्टात तो वर असतो म्हणून आम्हाला दिसला.

आई कोकणातली. मासा साफ न करता तसाच पाण्यात टाकायचा, हे तिला पटलंच नाही. "पोट नको काढायला?"

सूर्य चांगला वर आला तेव्हा आम्ही तिथे बाकावर चहा प्यायलो. बाबांना खालचं काय ते समजून घ्यायचं होतं. आपल्याकडच्या झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही. राजापूर, तुरळ, उन्हवरे ते थेट वज्रेश्वरीपर्यंत कोकणपट्टीत हे गरम झरे आहेत, तिथे पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. आपला सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी कधीच थंड झाला. इथे मात्र काही किलोमीटर खाली अजून वितळलेला खडक आहे. सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी इथे असा स्फोट झाला की पोट रिकामं झाल्यावर वरची जमीनच खाली बसली. अशा बसलेल्या खड्ड्याला काल्डेरा म्हणतात. त्या मोठ्या खड्ड्याच्या आत पावणेदोन लाख वर्षांपूर्वी आणखी एक स्फोट झाला, आणखी एक खड्डा बसला, त्यात पाणी भरलं. तो हा अंगठा.

"म्हणजे आपण चुलीवर बसलोय," बाबा म्हणाले.

"आणि इथला देव कोण?" आईने विचारलं. तिला वाटलं, एवढं पाणी उकळतं तिथे कुणीतरी असणारच. मी तिला सांगितलं की इथे माणसं निदान अकरा हजार वर्षांपासून येत आली आहेत, शोशोनी, क्रो, बॅनॉक, ब्लॅकफीट. २७ आदिवासी जमाती आजही या भूमीशी आपलं नातं सांगतात. "मग त्यांनी हात जोडले असतील," ती म्हणाली आणि शालीतून हात काढून जोडले. फिशिंग कोनच्या दिशेने, तळ्याच्या दिशेने, उगवत्या सूर्याच्या दिशेने, एकाच वेळी तिघांना. हात जोडायला तिला फळ्यांवरून खाली उतरावं लागलं नाही.

निघताना माहिती केंद्राच्या लाकडी घरात रेंजरबाईंना टोपीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, लांब दांड्याचा चिमटा घेऊन कुणीतरी काढेल, अशा टोप्या रोज पडतात. धाकट्याची ज्युनियर रेंजरची वही तपासून त्यांनी त्याला उजवा हात वर करायला लावला, शपथ दिली आणि बिल्ला दिला. टोपीचं दुःख तिथल्या तिथे विसरला गेला.

दुपारी तळ्याकाठच्या पिकनिकच्या जागेत आम्ही छोटी गॅसशेगडी पेटवली. आईने डाळ-तांदूळ धुऊन साध्या पातेल्यात खिचडी टाकली. पाणी भराभर उकळायला लागलं. वीस मिनिटं झाली, पस्तीस झाली, तांदूळ फुटायला आले आणि डाळीचा दाणा बोटांत दाबला तर मध्ये टणक. आई अस्वस्थ झाली. "उकळतंय तर एवढं. शिजत कसं नाही?"

मग लेकीने सांगितलं. या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभरला न उकळता ९२-९३ अंशांनाच उकळायला लागतं. उकळी फुटते, पण तेवढी आच डाळीला पुरत नाही. सकाळचं फिशिंग कोनचं पाणीही त्याच तापमानाला उकळत होतं. आईने पातेल्याकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. तिने झाकण लावलं, झाकणावर धुतलेला दगड ठेवला, आणखी पाणी घातलं आणि पुन्हा वाट बघत बसली. सव्वा तासाने जेवलो. तूप सोडलेली ती खिचडी सगळ्यांनी तीन-तीनदा घेतली. पुढच्या वेळी कुकर नेणार. जेवण झाल्यावर भांडी, उष्टं, डबे सगळं लगेच गाडीत बंद केलं. अस्वलांमुळे इथे अन्नाचा कणही उघड्यावर ठेवायचा नसतो.

नंतर काठाकाठाने फिशिंग ब्रिजपर्यंत गेलो. नाव असं असलं तरी या पुलावरून मासेमारी १९७३ पासून बंद आहे. खाली इथला मूळचा कटथ्रोट ट्राउट अंडी घालायला येतो. गळ्याखाली लाल रेघ, म्हणून ते नाव. या तळ्यात कुणीतरी बाहेरचा लेक ट्राउट आणून सोडला, १९९४ मध्ये तो सापडला, आणि त्याने मूळच्या माशाची दैना केली. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो, ओढ्यांत चढत नाही, त्यामुळे अस्वलं आणि घारीसारखे पक्षी यांच्या तोंडीही तो लागत नाही. एक मासा बदलला आणि अस्वलापर्यंत सगळ्यांचं जेवण बदललं. हे ऐकून आई फार हळहळली. खाडीवर मासे कमी होताना तिने डोळ्यांनी पाहिलं आहे.

हेडन व्हॅलीत बायसनचा कळप रस्त्यावर होता. ऑगस्ट म्हणजे त्यांच्या माजाचे दिवस, नर खोल घशातून गुरगुरत होते. गाड्यांची रांग लागली. "गवाच हा," बाबा म्हणाले, "फक्त अंगावर घोंगडी घेतलेला." त्यांना घाटात रात्री गवे भेटलेले आहेत, तेव्हा दिवे मंद करून, इंजिन चालू ठेवून थांबायचं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. नियमही तेच सांगतो: बायसनपासून निदान २३ मीटर दूर, अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर. पुढच्या एका गाडीतून कुणी फोटोसाठी खाली उतरलं तेव्हा बाबा काचेतून इतक्या जोरात "ओ, आत बसा!" म्हणून ओरडले की भाषा न कळताही तो माणूस आत बसला.

दिवस चौथा : ग्रँट व्हिलेजचा काठ

परतीचा रस्ता दक्षिणेकडून. लुईस लेक, लुईस नदीचा धबधबा, मग ग्रँड टिटॉन आणि जॅक्सन. टिटॉन आम्ही गाडीतूनच पाहिलं, त्यासाठी वेगळं यायला हवं.

निघण्याआधी आई म्हणाली, "एकदा पाण्यापाशी नेशील?" ग्रँट व्हिलेजच्या मागे तळ्याचा खडेवाळूचा काठ आहे. इथे पाण्यात पाय घालायला बंदी नाही, फक्त पाणी फार थंड असतं. आईने बूट-मोजे काढले, साडी जरा वर खोचली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. दोन मिनिटांत पाय लाल झाले, पण ती हलली नाही.

"तिथलं गरम पाणी यातच येतं ना?"

"येतं. रोज दहा-बारा हजार लिटर."

ती वाकली, ओंजळ भरली आणि डोळ्यांना लावली. मग पिशवीतून प्लॅस्टिकची छोटी बाटली काढली. अधूनमधून जमिनीतून प्रकटणारी गंगा आली की राजापुरात घरोघरी जशी बाटली भरून ठेवतात, तशी. तिने ती बुडवली, भरली, झाकण लावलं. धाकटा शेजारी उभा होता, छातीवर बिल्ला लावून. तो आजीकडे बघत होता, माझ्याकडे बघत होता, आणि शेवटी अगदी हळू म्हणाला, "आजी, मी शपथ घेतलीय. इथलं काही न्यायचं नाही."

मी त्याला गप्प करणार होते. ओंजळभर पाण्याने तळ्याचं काय जाणार होतं. पण आईने मला हातानेच थांबवलं. तिने बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा वाकली आणि पाणी सावकाश, अर्घ्य देतात तसं, तळ्यात सोडलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरून ठेवली. मग पदराने पाय पुसले, बूट घातले आणि नातवाचा हात धरून गाडीकडे चालू लागली.

बाबा पुढे बसलेच होते. मागून सीटवर दोनदा टकटक झाली.